खाजणातली जमीन पक्की होताना

ठाण्याच्या खाडीपासून पनवेल, उरण, धरमतरपर्यंत आणि पुढे थेट सिंधुदुर्गापर्यंत कोकणच्या किनाऱ्यालगत खाजणांचा जो पट्टा पसरलेला आहे, त्याला धड जमीनही म्हणता येत नाही आणि धड पाणीही. मुंबईच्या परिसरात पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला भरती आणि ओहोटी यांच्या पातळींत चार मीटरांहून अधिक अंतर पडते. भरतीचे पाणी खाड्यांच्या तोंडातून आत शिरते, आपल्याबरोबर आणलेला बारीक गाळ मागे ठेवते आणि ओहोटीबरोबर परत जाते. गेल्या सुमारे दहा हजार वर्षांत हा क्रम अखंड चालला आणि खालच्या काळ्या खडकावर व त्याच्या मुरमावर राखी रंगाच्या मऊ चिकणमातीचे थर साचत गेले. ठाणे आणि पनवेलच्या खाड्यांभोवती हे थर ठिकठिकाणी दहा-पंधरा मीटर जाडीचे आहेत. त्यांच्यावर उभा राहणारा माणूस गुडघाभर खचतो. मग तेथे चार मजली इमारत, रेल्वेचा रूळ किंवा बंदराचा माल ठेवण्याचे आवार उभे करावयाचे झाल्यास काय करावे, हा प्रश्न गेल्या अर्धशतकात महाराष्ट्राच्या अभियंत्यांपुढे वारंवार उभा राहिला आहे.

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि मुंबईच्या पूर्वेस खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याचे काम हाती घेण्यात आले, तेव्हापासून हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. त्याच बंदरातील चौथ्या कंटेनर टर्मिनलचा पहिला टप्पा २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आला. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून तिचा दगड सखल भागात भरण्यात आला, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. या साऱ्या कामांच्या बातम्यांत कोनशिला, धावपट्टी आणि क्रेन यांची छायाचित्रे येतात. या सर्वांच्या खाली असलेल्या मातीला भार पेलण्याजोगी करण्याचे काम मात्र भरावाखाली झाकले जाते आणि सामान्य नागरिकाच्या नजरेस सहसा पडत नाही. त्या कामाची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पाण्याने फुगलेली माती

किनाऱ्यावरील शेतकऱ्याला खाजणाचा निचरा नवा नाही. बांध घालून भरतीचे पाणी अडवावयाचे, पावसाचे गोडे पाणी जमिनीवर फिरवून क्षार धुऊन काढावयाचे आणि उघाडीच्या दारातून ते ओहोटीच्या वेळी खाडीत सोडावयाचे, ही खारभूमीच्या शेतीची जुनी रीत होय. १९४८ च्या मुंबई खारभूमी कायद्याने आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियमाने तिला शासकीय आधार मिळाला. परंतु हा निचरा वरच्या थराचा आहे. भाताची मुळे जेथपर्यंत जातात तेथपर्यंतची जमीन त्याने सुधारते. इमारतीचा भार मात्र त्याच्या खाली, आठ-दहा मीटर खोल पोहोचतो आणि तेथले पाणी चर खणून बाहेर पडत नाही.

याचे कारण मातीच्या घडणीत आहे. वाळूचे कण डोळ्यांना दिसतात; त्यांच्यामधील पोकळ्या मोठ्या असल्याने पाणी सहज वाहून जाते. सागरी चिकणमातीचे कण इतके सूक्ष्म आणि चपटे असतात की ते सूक्ष्मदर्शकाखालीच ओळखता येतात. त्यांच्यामधल्या बारीक पोकळ्यांत पाणी अडकून बसते. मुंबईच्या परिसरातील अशा मातीचा नमुना भट्टीत वाळवून पाहिला, तर बऱ्याच ठिकाणी शंभर किलो कोरड्या मातीमागे साठ ते शंभर किलो पाणी निघते. म्हणजे ज्याला आपण जमीन म्हणतो, तिच्या घनफळात निम्म्याहून अधिक वाटा पाण्याचा असतो. अशा थरावर भराव टाकला की सुरुवातीस तो सारा भार मातीचे कण उचलीत नाहीत. त्यांच्यामधले पाणी उचलते. पाणी दाबले जात नाही, ते फक्त वाट शोधते. वाट अरुंद असल्याने ते सावकाश, अतिशय सावकाश बाहेर येते. जेवढे पाणी बाहेर येईल तेवढे कण जवळ येतात, तेवढा भार कणांवर जातो, तेवढी माती घट्ट होते आणि तेवढीच जमीन खचते. या क्रियेला दृढीकरण असे म्हणतात.

घरोघरी श्रीखंडासाठी चक्का बांधला जातो, त्यात हीच क्रिया घडते. दही स्वच्छ फडक्यात बांधून त्यावर वजन ठेवले की पाणी ठिबकत राहते आणि दही घट्ट होते. वजन एकाएकी फार वाढविले, तर पाणी लवकर निघण्याऐवजी फडक्याच्या कडेने दहीच बाहेर येते. आणि एकच मोठे गाठोडे बांधण्याऐवजी लहान लहान पुरचुंड्या बांधल्या, तर त्यांतले पाणी लवकर निथळते. ही दोन्ही निरीक्षणे पुढे उपयोगी पडणार आहेत.

या क्रियेचे गणित कार्ल टेर्झागी यांनी मांडले. १८८३ साली प्राग येथे जन्मलेले हे अभियंते इस्तंबूलच्या रॉबर्ट कॉलेजात अध्यापन करीत असताना साध्यासुध्या उपकरणांवर मातीच्या चकत्या दाबून पाहत होते. १९२५ साली त्यांचा मृद्-यांत्रिकीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पाया घालण्याच्या कामाला शास्त्राचा आधार मिळाला. त्यांच्या गणिताचा व्यवहारासाठी महत्त्वाचा निष्कर्ष असा : पाण्याला बाहेर पडण्यासाठी जितके अंतर कापावे लागते, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वेळ लागतो. अंतर दुप्पट झाले तर वेळ चौपट होतो. अंतर दसपट झाले तर वेळ शंभरपट होतो.

उदाहरणादाखल दहा मीटर जाडीचा एक थर घेऊ. पाणी फक्त वरच्या बाजूने निघू शकते आणि मातीचा दृढीकरण-गुणांक वर्षाला एक चौरस मीटर आहे, असे धरू. या थराचे नव्वद टक्के दृढीकरण होण्यास सुमारे ८५ वर्षे लागतील. खालच्या बाजूसही पाणी झिरपू देणारा थर असल्यास अंतर निम्मे होईल, तरीही २१ वर्षे लागतीलच. आज भराव घालून उद्या घर बांधणाऱ्याच्या नातवाच्या काळातही ती जमीन खचत राहील.

भराव टाकून घाईने बांधकाम केलेल्या वसाहतींतून याची चिन्हे दिसतात. इमारत खडकापर्यंत पोहोचलेल्या पाइलवर उभी असते, ती जागची हलत नाही. तिच्याभोवतीचे आवार मात्र वर्षानुवर्षे खाली जाते. प्रवेशद्वाराच्या पायऱ्या जोत्यापासून सुटतात, सांडपाण्याचे नळ सांध्यावर तुटतात, आवाराच्या भिंतीला तिरप्या भेगा पडतात. पुलाला जोडणारा भरावाचा रस्ता खचतो आणि पुलाच्या तोंडाशी वाहनांना हिसका बसतो. एवढ्यावरच हे थांबत नाही. खचणारी माती पाइलला मिठी मारून खाली ओढते आणि इमारतीच्या भाराखेरीज आणखी भार तिच्यावर टाकते. पाइल घातल्या म्हणजे जमिनीची काळजी मिटली, हा समज म्हणूनच खरा नाही. घर घेणारे कुटुंब आयुष्यभराची पुंजी जोत्याच्या वरच्या भागासाठी मोजते. जोत्याच्या बाहेरची दुरुस्ती पुढे सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या माथी येते.

उभी वाट

पाण्याचे अंतर कमी करावयाचे, तर मातीच्या थरात वरपासून खालपर्यंत जवळजवळ उभ्या वाटा तयार केल्या पाहिजेत. मग पाण्याला दहा मीटर वर चढावे लागणार नाही. अर्धा-पाऊण मीटर आडवे सरकले की त्याला मोकळी वाट मिळेल. चक्क्याच्या लहान पुरचुंड्यांचे तत्त्व ते हेच.

ही कल्पना शंभर वर्षांपूर्वीची आहे. अमेरिकेत डॅनियल मोरान यांनी १९२० च्या दशकात वाळूने भरलेल्या उभ्या विवरांची योजना सुचविली आणि १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातील महामार्गांच्या कामावर तिची चाचणी झाली. चिखलात वीस ते पंचेचाळीस सेंटिमीटर व्यासाची भोके पाडून ती स्वच्छ वाळूने भरावयाची, अशी ही पद्धत. ती परिणामकारक होती, पण वाळू फार लागे आणि मऊ माती आजूबाजूने सरकली की वाळूचा स्तंभ मध्येच तुटे. स्वीडनमध्ये वॉल्टर चेलमन यांनी वाळूऐवजी पन्हळी असलेल्या पुठ्ठ्याची पट्टी जमिनीत रोवण्याची युक्ती काढली. समईतल्या वातीने तेल वर चढावे तसे पाणी या पट्टीतून वर येते, म्हणून अशा पट्ट्यांना वातीचे नाव मिळाले. उपमा सोयीची असली तरी पूर्णपणे लागू पडत नाही. वात तेल ओढून घेते. ही पट्टी काहीच ओढीत नाही. वरच्या भाराने दाबलेले पाणी तिच्यातून वाट काढते, एवढेच. हा फरक कामाच्या ठिकाणी विसरला जातो, म्हणून तो येथे मुद्दाम सांगितला आहे. वर भार नसेल, तर कितीही पट्ट्या रोवल्या तरी जमीन तसूभरही सुधारणार नाही.

आज वापरात असलेली पट्टी प्लॅस्टिकची असते. तिची रुंदी सुमारे दहा सेंटिमीटर आणि जाडी तीन ते पाच मिलिमीटर. आतल्या गाभ्याला उभ्या खाचा असतात आणि बाहेरून गाळणीसारखे कापड गुंडाळलेले असते. हे कापड पाणी आत येऊ देते आणि माती अडविते. अभियंते तिला ‘पीव्हीडी’ या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखतात. येथे तिला निचरापट्टी म्हणू. भारतीय मानक संस्थेने उभ्या निचऱ्यांनी करावयाच्या पूर्वदृढीकरणासाठी २००४ साली आयएस १५२८४ या मानकाचा दुसरा भाग प्रसिद्ध केला आहे.

वरच्या उदाहरणातील थरात १.२ मीटर अंतरावर त्रिकोणी मांडणीने निचरापट्ट्या घातल्या, तर नव्वद टक्के दृढीकरण सुमारे एका वर्षात होईल. खाडीच्या गाळात वाळूचे पातळ पापुद्रे असल्यास पाणी आडव्या दिशेने अधिक लवकर वाहते, तेव्हा हा काळ सहा महिन्यांवरही येऊ शकतो. ८५ वर्षांच्या जागी एक वर्ष! मात्र त्यासाठी लागणारा व्याप लहान नाही. एवढ्या अंतराने एका हेक्टरात सुमारे ८,००० पट्ट्या बसतात. दहा मीटर खोलीच्या हिशेबाने त्यांची एकूण लांबी ८० किलोमीटर भरते. एक हेक्टर जमीन १.२ मीटर खचावयाची असेल, तर तिच्यातून १ कोटी २० लाख लिटर पाणी बाहेर आले पाहिजे, आणि मूळची उंची राखावयाची झाल्यास तेवढ्याच घनफळाचा, म्हणजे १२,००० घनमीटर मुरूम जादा आणावा लागतो. दहा घनमीटरच्या डंपरच्या या १,२०० खेपा झाल्या. हा मुरूम डोळ्यांदेखत जमिनीच्या पोटात जातो. अंदाजपत्रकात त्याची तरतूद नसेल, तर ठेकेदार आणि लेखापाल यांच्यात वाद उद्भवतो. तो माल चोरीस गेलेला नसतो, हे लेखापालास पटवून देण्यासाठी खचणीची नोंदवही हाच एक पुरावा असतो.

कामाची रीत

प्रथम झाडोरा काढून चिखलावर मजबूत कापडाचा थर आणि त्यावर यंत्रांना उभे राहण्यापुरता भराव घालतात. त्यावर तीस ते पन्नास सेंटिमीटर जाडीचा स्वच्छ वाळूचा थर येतो. पट्ट्यांतून वर आलेले पाणी या थरातून आडवे वाहत कडेच्या चरांत जाते. सारे काम या थरावर अवलंबून असते आणि सर्वांत जास्त हयगय त्याच्याच बाबतीत होते. वाळू मातीमिश्रित असली किंवा कडेचे चर डंपरच्या ये-जेने बुजले, तर खालच्या ८,००० पट्ट्या जणू दारे लावून बसतात.

मग उंच मनोऱ्याचे यंत्र येते. पोलादी पोकळ नळीत निचरापट्टी ओवलेली असते आणि तिच्या टोकाला एक लहान पत्रा अडकविलेला असतो. नळी चिखलात दाबून कठीण थरापर्यंत नेतात. नळी वर ओढली की पत्रा खाली अडकून राहतो आणि पट्टीही त्याच्याबरोबर तेथेच राहते. वर वीस-तीस सेंटिमीटर सोडून पट्टी कापतात आणि यंत्र पुढच्या खुणेवर सरकते. कुशल चालक एका दिवसात काही हजार मीटर पट्टी बसवितो. नळी आत-बाहेर होताना तिच्याभोवतीची माती घुसळली जाते आणि पट्टीभोवती एक लेप तयार होतो. या लेपातून पाणी झिरपणे कठीण जाते. म्हणून नळी शक्य तितकी लहान असावी लागते. पट्ट्या अधिक दाटीने रोवून काम लवकर होईल असा मोहही आवरावा लागतो. अति दाटीने सारी माती घुसळली जाते आणि लाभ घटतो.

यानंतर भार. मुरमाचा एक मीटर जाडीचा थर दर चौरस मीटरवर सुमारे १.८ ते २ टन भार टाकतो. बंदराच्या आवारात पूर्ण भरलेल्या वीस फुटी कंटेनरांची चार थरांची चळत उभी राहिली, तर जमिनीवर चौरस मीटरला सहा टनांहून अधिक भार येतो. म्हणजे तेथे पुढे येणाऱ्या भाराइतका भार आधीच देण्यासाठी साडेतीन मीटर उंचीचा मुरमाचा ढीग आवश्यक ठरतो. प्रत्यक्षात त्याहूनही थोडा अधिक देतात. एकदा जास्त भाराखाली दबलेली माती कमी भाराखाली फारशी खचत नाही, आणि पाणी निघून गेल्यावरही मंदगतीने जी खचण चालू राहते, तीही यामुळे कमी होते.

हा भार एकदम देता येत नाही. अगदी मऊ चिखल पहिल्या दिवशी दीड-दोन मीटरच्या भरावापलीकडे पेलू शकत नाही. त्याहून जास्त टाकल्यास भरावाची कड घसरते आणि काही अंतरावर चिखल फुगून वर येतो; चक्क्याच्या गाठोड्यातून दही बाहेर यावे तसा. एकदा असे घडले की त्या मातीची मूळची अल्प ताकदही नाहीशी होते आणि पट्ट्या तुटतात. म्हणून पहिला टप्पा टाकावयाचा, काही आठवडे थांबावयाचे, मातीची ताकद वाढल्याची खात्री करून घ्यावयाची आणि मगच दुसरा टप्पा टाकावयाचा, असा क्रम ठेवावा लागतो. माती नेण्याचा रस्ता दूर असेल किंवा मुरूमच मिळत नसेल, तर दुसरा एक मार्ग आहे. जमिनीवर हवाबंद पडदा अंथरून त्याखालची हवा पंपाने ओढून घेतात. मग वातावरणाचाच दाब भाराचे काम करतो. चेलमन यांनी १९५२ मध्ये ही पद्धत मांडली. तिने चार मीटरच्या भरावाइतका भार मिळू शकतो आणि कड घसरण्याचे भय राहत नाही. मात्र पंप रात्रंदिवस चालावे लागतात आणि पडद्यास छिद्र पडून चालत नाही.

थांबावयाचे किती?

भार टाकल्यानंतरचे महिने बाहेरून पाहणाऱ्यास रिकामे वाटतात. यंत्रे नाहीत, मजूर नाहीत, ढिगावर गवत उगवलेले. मंजूर निधी खर्ची पडलेला असतो, उद्‌घाटनाचा मुहूर्त ठरलेला असतो आणि ‘आता कशासाठी थांबलात?’ अशी विचारणा वरून होते. या कामांतील खरी परीक्षा येथेच असते. भार दोन महिने आधी उचलला, तर त्या दिवशी काहीही बिघडलेले दिसत नाही. ते पाच वर्षांनी फरसबंदीवर दिसते, आणि तोवर निर्णय घेणारा अधिकारी बदलून गेलेला असतो.

थांबण्याचा काळ दिनदर्शिकेवरून ठरवावयाचा नसतो. तो जमिनीला विचारून ठरवावा लागतो. त्यासाठी भरावाच्या तळाशी पोलादी पत्रे ठेवून त्यांना उभ्या सळया जोडतात. सळईच्या माथ्याची पातळी नियमितपणे मोजली की जमीन किती खचली ते कळते. चिखलात खोलवर पायझोमीटर बसविल्यास पाण्यावर अजून किती दाब शिल्लक आहे तेही समजते. भरावाच्या कडेला बसविलेल्या नळ्या चिखल बाजूला सरकत असल्याची सूचना वेळीच देतात.

या नोंदींवरून अंतिम खचणीचा अंदाज बांधण्याची एक सोपी पद्धत जपानचे अकिरा असाओका यांनी १९७८ मध्ये मांडली. कनिष्ठ अभियंत्यालाही ती आलेखकागदावर वापरता येते. तिचे मर्म एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. भराव पूर्ण झाला तेव्हा जमीन ३०० मिलिमीटर खचलेली होती. त्यानंतर दर तीस दिवसांनी घेतलेल्या नोंदी ४८०, ६२४ आणि ७३९ मिलिमीटर अशा आल्या. महिन्याची वाढ अनुक्रमे १८०, १४४ आणि ११५ झाली. प्रत्येक वाढ आधीच्या वाढीच्या चार-पंचमांश आहे. हाच क्रम पुढे चालू राहिला, तर अजून होणारी एकूण खचण शेवटच्या वाढीच्या चौपट, म्हणजे सुमारे ४६० मिलिमीटर होईल आणि अंतिम आकडा १,२०० च्या आसपास येईल. आज ७३९ मिलिमीटर झाली आहे, म्हणजे काम बासष्ट टक्केच झाले आहे. नव्वद टक्क्यांसाठी १,०८० मिलिमीटरपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे. त्यास आणखी सहा महिने लागतील. पाऊण मीटर खचलेली जमीन पाहून ‘आता पुरे झाले’ असे वाटणे स्वाभाविक आहे. नोंदवही मात्र वेगळे सांगते. अशी नोंदवही ठेवण्याचा खर्च मुरमाच्या खर्चापुढे नगण्य असतो. तरीही ढिगाऱ्यावर चढणाऱ्या डंपरखाली सळया वाकतात आणि कोणी त्या सरळ करीत नाही, असे प्रकार घडतात.

निचऱ्यांची मर्यादा कोठे आहे, हे जपानमधील ओसाकाच्या उपसागरात बांधलेल्या कान्साई विमानतळावरून समजते. १९८७ मध्ये काम सुरू होऊन १९९४ मध्ये खुल्या झालेल्या या विमानतळासाठी सुमारे अठरा मीटर खोल पाण्यात बेट उभारण्यात आले. समुद्रतळाचा वरचा वीस मीटर जाडीचा मऊ थर सुमारे दहा लाख वाळूच्या निचऱ्यांनी सुधारण्यात आला आणि तो अपेक्षेप्रमाणे लवकर खचून स्थिर झाला. परंतु त्याच्या खाली शेकडो मीटर खोलपर्यंत प्राचीन चिकणमातीचे थर होते. तेथवर निचरे पोहोचणे शक्य नव्हते. बेटाचा प्रचंड भार त्या थरांवर पडला आणि ते सावकाश दबू लागले. पहिले बेट आजवर सरासरी तेरा मीटरांहून अधिक खचले आहे. प्रवासी इमारतीच्या खांबांखाली जॅक बसविलेले असून खांबांची उंची वेळोवेळी जुळवून घेतली जाते. कोकणच्या खाड्यांत चिखलाखाली खडक लवकर लागतो, ही आपली सोय आहे. पण तो नेमका किती खोल आहे हे प्रत्येक जागी बोअर घेऊनच पाहिले पाहिजे. दोन बोअरच्या मध्ये जुन्या ओढ्याचे बुजलेले पात्र असल्यास चिखलाची जाडी एकदम वाढते आणि त्या पट्ट्यात जमीन इतरांहून जास्त खचते. सारखी खचलेली जमीन बांधकामास फारशी बाधत नाही. कमी-अधिक खचलेली जमीनच भिंती फोडते.

प्रत्येक खाजण भरून पक्के करता येते, याचा अर्थ ते भरावेच असा नव्हे. तिवरांची वने लाटांचा जोर मोडतात, मासळीच्या पिलांना आसरा देतात आणि मुसळधार पावसाच्या दिवशी शहराचे पाणी पोटात घेतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ आणि २०१८ मधील आदेशांनी तिवरांच्या तोडीस मनाई केली आहे. नवी मुंबईत भरतीच्या पातळीखालील वसाहतींचे पाणी साठवून ओहोटीला बाहेर सोडण्यासाठी धारण तलाव राखलेले आहेत. जो भराव एका जागेची जमीन उंच करतो, तो शेजारच्या जुन्या गावाची जमीन आपोआप सखल ठरवितो. त्या गावाच्या पावसाळी पाण्याची वाट आराखड्यात प्रथम दाखविली गेली पाहिजे, भराव नंतर.

जागा नियमाने निवडलेली असेल आणि नोंदवहीतील रेषा सपाट झाली असेल, तर वरचा जादा मुरूम उचलतात आणि लगतच्या भूखंडावर नेऊन टाकतात. तेथे पट्ट्या आधीच रोवलेल्या असतात. अशा रीतीने एकाच ढिगाचा तीन-चार भूखंडांवर क्रमाने उपयोग होतो. मोकळ्या झालेल्या जागेवर पुन्हा बोअर घेऊन मातीची ताकद मोजतात आणि कामापूर्वीच्या आकड्यांशी ताडून पाहतात. निचरापट्ट्या जमिनीतच राहतात. पुढे त्या जागी नळ टाकण्यासाठी कोणी खणती केली, म्हणजे वाळूच्या थरात वाकून पडलेली त्यांची कापलेली टोके हाती लागतात.